२२० वजा वय : एका आकड्याची उलटतपासणी

मागच्या आठवड्यात ज्युनियर बॅचच्या एका मुलीने तिच्या संशोधन आराखड्याचा मसुदा वाचायला दिला. विषय सायकलिंग आणि सहनशक्तीचा. पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य होतं: सहभागी व्यक्तींची कमाल हृदयगती २२० वजा वय या प्रमाणित सूत्राने काढली जाईल आणि त्यावरून पाच झोन ठरवले जातील. मी 'प्रमाणित' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, "कोणी प्रमाणित केलं?" ती म्हणाली, "ताई, सगळेच वापरतात की."

खरंय, सगळेच वापरतात. मीही वापरलं होतं आणि त्याची किंमत मोजली होती, ते पुढे सांगतेच. आज कुठल्याही एका पेपरवर लिहीत नाहीये. एका आकड्याची समीक्षा करायची आहे. हा आकडा जिमच्या भिंतीवर आहे, घड्याळात आहे, पाठ्यपुस्तकात आहे आणि आता एका होऊ घातलेल्या प्रबंधातही आहे. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांना सायकलिंगशी काही देणंघेणं नसलं तरी चालेल. संदर्भाची साखळी कशी मागे मागे तपासत न्यायची, हे शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आधी झोन म्हणजे काय ते थोडक्यात. हृदय मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके देऊ शकतं ती कमाल हृदयगती. तिचे टक्के पाडायचे: ५० ते ६० झोन एक, ६० ते ७० झोन दोन, असं करत १०० पर्यंत झोन पाच. लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांना सांगितलं जातं की बहुतेक वेळ झोन दोनमध्ये घालवा, म्हणजे पाया पक्का होतो. काही घड्याळं थेट कमाल गतीचे टक्के धरतात. काही आधी विश्रांतीची गती वजा करतात, उरलेल्या फरकाचे टक्के काढतात आणि विश्रांतीची गती परत मिळवतात. या दुसऱ्या पद्धतीला कार्व्होनेनची पद्धत म्हणतात.

कार्व्होनेन हे फिनलंडचे. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा तो पेपर १९५७ सालचा. किती लोकांवर होता माहितीये? सहा. सहा तरुण वैद्यकीय विद्यार्थी, सगळे पुरुष, ट्रेडमिलवर चार आठवडे. छोट्या अभ्यासाला मी नावं ठेवत नाहीये. त्या काळात हृदयगती सतत मोजत राहणं हेच मोठं काम होतं आणि त्यांचा प्रश्नही मर्यादित होता: किती तीव्रतेच्या वर गेलं की सरावाचा परिणाम दिसतो? सहा जणांनी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. पुढच्या लोकांनी त्या सहा जणांच्या खांद्यावर काय काय लादलं, हा वेगळा विषय.

त्यातली एक गंमत म्हणजे २२० वजा वय हे सूत्रसुद्धा अनेक ठिकाणी कार्व्होनेन यांच्याच नावावर खपवलेलं असतं. रॉबर्ग्स आणि लँडवेर या दोघांनी २००२ साली या सूत्राचा इतिहास खणून काढणारा एक पेपर लिहिला. तो मिळवून वाचाच, मोफत मिळतो आणि एखाद्या तपासकथेसारखा वाचला जातो. त्यांनी सरळ कार्व्होनेन यांच्याशी संपर्क साधला. ते म्हणाले, या सूत्रावर मी कधी मूळ संशोधन प्रसिद्ध केलेलं नाही. म्हणजे ज्यांच्या नावाने संदर्भ दिला जातो त्यांनीच हात झटकले.

मग ते आलं कुठून? माग काढत काढत ते दोघे पोचले १९७१ सालच्या एका पेपरपाशी. लेखक फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल. विषय शारीरिक हालचाल आणि हृदयविकाराचा प्रतिबंध. त्यात एक आकृती आहे. इतरांच्या अभ्यासांमधून गोळा केलेले साधारण पस्तीसेक बिंदू, आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर कमाल हृदयगती. लेखकांनी त्यावर कोणतंही समाश्रयण केलेलं नाही. बिंदूंकडे बघून एक सोपी, लक्षात राहणारी रेषा सुचवली, एवढंच. ती रेषा म्हणजे आपलं २२० वजा वय.

रॉबर्ग्स आणि लँडवेर यांनी तेच बिंदू घेऊन रीतसर रेषा बसवली. उत्तर आलं २१५.४ वजा ०.९१४७ गुणिले वय. सहसंबंध ०.५१ आणि अंदाजाची प्रमाण त्रुटी मिनिटाला २१ ठोके. इथे क्षणभर थांबा. म्हणजे ज्या विदेवर हे सूत्र उभं आहे, तीच विदा सांगतेय की तुमच्या खऱ्या आकड्याच्या वीस-एकवीस ठोके वर किंवा खाली असणं ही अगदी साधी गोष्ट आहे.

आता १९७१ च्या त्या तिघांवर राग काढू नका. त्यांना डॉक्टरांच्या हातात ढोबळ अंदाज द्यायचा होता. हृदयविकाराच्या रुग्णाला व्यायाम सांगताना कुठे थांबवायचं याची एक सोय. सोयीचं सूत्र आणि मोजलेलं सत्य यातला फरक त्यांना माहीत होता. तो पुढच्या कुणीतरी गाळला, त्याच्या पुढच्याने दुसऱ्याचाच संदर्भ दिला आणि अशा पन्नास वर्षांनी ते 'प्रमाणित' झालं.

"पण आता तर नवीन सूत्र आलंय ना?" हा पुढचा प्रश्न येतोच. आलंय. तनाका, मोनाहन आणि सील्स, २००१. ३५१ अभ्यास, त्यातले ४९२ गट, एकूण १८,७१२ माणसं. सूत्र: २०८ वजा ०.७ गुणिले वय. शिवाय त्यांनी प्रयोगशाळेत ५१४ जणांना स्वतः तपासून पाहिलं, तिथे जवळजवळ तेच निघालं, २०९ वजा ०.७ गुणिले वय. काम चोख आहे. जुनं सूत्र म्हाताऱ्या माणसांची कमाल गती कमी दाखवतं, हे त्यांनी नीट दाखवून दिलं. (दोन्ही सूत्रं चाळिशीला एकमेकांना छेदतात, दोन्हीकडे १८०. करून बघा.)

पण या पेपरमधला जो आकडा सगळे टाळ्या वाजवत सांगतात, तो जरा जपून वाचायला हवा. सहसंबंध उणे ०.९०. ऐकल्यावर वाटतं की वय कळलं म्हणजे हृदयगती कळलीच. पण हा सहसंबंध कशाकशातला आहे? गटांच्या सरासरी वयाचा आणि गटांच्या सरासरी हृदयगतीचा. वीस-तीस माणसांची सरासरी काढली की माणसामाणसातला फरक त्या सरासरीत विरघळून जातो. उरतो तो फक्त वयाचा कल. अशा विरघळवलेल्या बिंदूंमधून रेषा काढली तर ती सुबकच दिसणार. व्यक्तीकडे परत आलात की एकाच वयाच्या माणसांमध्ये साधारण १० ठोक्यांचं प्रमाण विचलन पुन्हा समोर उभं राहतं. लेखकांनी हे लपवलेलं नाही. आपण सारांश वाचून उठतो, हा आपला दोष.

सोपं करून सांगते. तुमच्या वयाची शंभर मुलं-मुली एका मैदानात उभी केली आणि प्रमाण विचलन १० धरलं, तर साधारण बत्तीस जणांचा अंदाज दहापेक्षा जास्त ठोक्यांनी चुकेल आणि पाचेक जणांचा वीसपेक्षा जास्त ठोक्यांनी. त्या पाचांमध्ये तुम्ही आहात की नाही हे सूत्र कधीच सांगणार नाही.

मी होते.

म्हणजे अगदी त्या पाचांत नाही, पण बत्तिसांत नक्की. झालं असं की दोन वर्षांपूर्वी मी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी नाव दिलं. साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने जाऊन परत. स्टायपेंड तीन महिने अडकला होता, तरी एक घड्याळ घेतलं. वय २८ टाकलं. त्याने कमाल गती १९२ धरली. विश्रांतीची गती माझी ५६. कार्व्होनेनच्या पद्धतीने झोन दोन आला १३८ ते १५१. मी शिस्तीची मुलगी. दोन महिने पहाटे साडेपाचला निघून १४५-१५० वर चालवत राहिले. हे 'हलकं' चालवणं आहे असं घड्याळ म्हणत होतं. संध्याकाळी लॅबमध्ये डोळे मिटायचे. पिपेट हातात धरून डुलकी काढलेली आहे मी. गाईडनी एकदा विचारलंसुद्धा, "तब्येत बरी आहे ना?" मला वाटायचं, मीच कच्ची आहे. हलका सरावसुद्धा झेपत नाही म्हणजे काय!

ब्रेव्हेत परतीच्या वाटेवर शिरवळच्या अलीकडे, १४५ किलोमीटरला, रस्त्याकडेच्या रसवंतीत बसले ती उठलेच नाही. टेम्पोतून सायकल घरी आली.

नंतर बऱ्याच दिवसांनी छातीचा पट्टा उसना घेतला आणि सिंहगडाच्या घाटात जीव तोडून चढले. सर्वात वरचा आकडा दिसला १७८. दोन आठवड्यांनी पुन्हा केलं, पुन्हा १७८. आता गणित करा. १७८ वजा ५६ म्हणजे १२२. त्याचा झोन दोन येतो १२९ ते १४१. मी ज्या १५१ पर्यंत 'हलकं' म्हणून जात होते, ते माझ्या खऱ्या फरकाच्या ७८ टक्के होतं, म्हणजे झोन तीनच्या वरच्या टोकाला. घड्याळाच्या हिशेबात एक झोन जेमतेम चौदा ठोक्यांचा आणि अंदाज चुकलेला चौदाच ठोक्यांनी. फुटपट्टीच्या खुणांमधलं अंतर जेवढं, तेवढीच फुटपट्टीतली चूक.

इथे दोन शंका तुम्हीच काढायला हव्यात. एक, घाटात दिसलेला सर्वात मोठा आकडा म्हणजे कमाल गती कशावरून? बरोबर. तो फक्त 'आतापर्यंत दिसलेला सर्वात मोठा' असतो, खरा आकडा त्याच्या वर असू शकतो. दुसरी, सूत्रांमागची बरीचशी मोजमापं ट्रेडमिलवरची आहेत आणि सायकलवर बहुतेकांची कमाल गती धावण्यापेक्षा काही ठोक्यांनी कमी येते, कारण काम करणारे स्नायू कमी असतात. माझ्या चौदा ठोक्यांमधले काही त्याचे असतील. म्हणजे सायकलसाठी झोन काढताना सायकलवरच मोजावं लागतं.

तिसरी शंका मला स्वतःला आली आणि ती जास्त टोचली. सहा वैद्यकीय विद्यार्थी, सगळे पुरुष. मग बायकांवर वेगळा अभ्यास झालाय का? झालाय. गुलाटी आणि सहकारी, २०१०, शिकागो, ५,४३७ स्त्रिया. सूत्र २०६ वजा ०.८८ गुणिले वय. मी २८ टाकलं. उत्तर आलं १८१. माझ्या १७८ च्या किती जवळ! मी खुर्चीत जवळजवळ उडी मारली. लगेच मैत्रिणीला मेसेज केला: सापडलं, पुरुषांच्या सूत्राने माझं वाटोळं केलं.

रात्री पद्धतीचं प्रकरण वाचलं. त्या अभ्यासातल्या स्त्रिया ३५ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या होत्या. मी २८. म्हणजे जी रेषा माझ्या वयापर्यंत येतच नाही, ती मी स्वतःच पट्टी लावून पुढे ओढली होती आणि उत्तर सोयीचं आलं म्हणून खूश झाले होते. आकडा जुळला म्हणून सूत्र बरोबर ठरत नाही. एका व्यक्तीवरून तर नाहीच नाही. हे मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवते. तरी फसले. आपल्या बाजूने बोलणारा पेपर आपण नेहमी कमी काळजीने वाचतो.

बरं, आता समजा कमाल गती तुम्ही अगदी अचूक मोजली. मग तरी टक्क्यांचे झोन बरोबर येतील?

इथे मुळाशी जावं लागतं. शरीरात पाच कप्पे नाहीत. व्यायामाची तीव्रता वाढवत नेली तर ढोबळमानाने दोन ठिकाणी वागणं बदलतं. पहिल्या उंबरठ्यापाशी रक्तातलं लॅक्टेट विश्रांतीच्या पातळीच्या वर चढायला लागतं, श्वास थोडा जड होतो, पण तासन् तास चालू ठेवता येतं. दुसऱ्या उंबरठ्याच्या वर गेलं की काहीच स्थिर राहत नाही, लॅक्टेट वाढतच जातं आणि थांबणं ही फक्त वेळेची गोष्ट उरते. (लॅक्टेटमुळे पाय दुखतात, ते विष आहे वगैरे अजून शिकवलं जातं. ते स्नायूंना आणि हृदयाला चालणारं इंधन आहे, हे बर्कलीचे जॉर्ज ब्रूक्स कित्येक दशकं सांगताहेत. त्यावर वेगळं लिहीन.) दोन उंबरठे म्हणजे तीन प्रदेश. दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्या ही आपल्या हाताला दहा बोटं आहेत त्याची सोय. शरीराला दहाचा पाढा येत नाही.

आता प्रश्न असा की हे उंबरठे सगळ्यांमध्ये एकाच टक्केवारीला येतात का? येत असतील तर टक्क्यांचे झोन चालतील. २०२० साली इयानेटा आणि सहकाऱ्यांनी शंभर स्त्री-पुरुषांवर नेमकं हेच तपासलं, आणि कमाल गती सूत्राने न काढता प्रत्यक्ष मोजून. पहिला उंबरठा कमाल हृदयगतीच्या ६० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत कुठेही सापडला. दुसऱ्यासारखा मानला जाणारा बिंदू ७५ पासून ९७ टक्क्यांपर्यंत.

पुन्हा वाचा ते. समजा दोघांनाही सांगितलं, ७५ टक्क्यांवर चालवा. एकाचा पहिला उंबरठा अजून खूप दूर आहे, तो गाणी म्हणत चाललाय. दुसरा त्याच टक्क्याला दुसऱ्या उंबरठ्यावर पोचलाय, अर्ध्या-पाऊण तासात त्याचा भुगा होणार. कागदावर दोघांनी 'समान तीव्रतेचा' व्यायाम केला. आता तुम्ही अशा वीस जणांवर आठ आठवड्यांचा प्रयोग करता, काहींची क्षमता वाढते, काहींची वाढत नाही आणि तुम्ही निष्कर्षात लिहिता की व्यक्तीव्यक्तींचा प्रतिसाद भिन्न असतो. पण प्रत्येकाला वेगळाच व्यायाम दिलाय तुम्ही! ज्युनियरच्या आराखड्यावर माझा मुख्य आक्षेप हाच होता. तिच्या प्रयोगात जो 'स्वतंत्र चल' आहे तोच तिच्या हातात नाही.

उलट उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर ही नुसती तक्रार होईल. लुसिया आणि सहकारी, १९९९, विषय टूर द फ्रान्स. आठ व्यावसायिक सायकलपटू. आधी प्रत्येकाला प्रयोगशाळेत सायकलवर बसवून श्वासाच्या मोजमापावरून त्याचे दोन्ही उंबरठे शोधले, त्या उंबरठ्यांना त्याची हृदयगती किती होती ते टिपलं आणि मग शर्यतीभर ठोके नोंदवले. झोन तीनच, पण प्रत्येकाचे स्वतःचे. उत्तर आलं: सुमारे ७० टक्के वेळ पहिल्या उंबरठ्याखाली, २३ टक्के मध्ये, ७ टक्के वर. जगातली सर्वात कठीण म्हणवली जाणारी शर्यत आणि बहुतांश वेळ हलका! नमुना आठच जणांचा. तरीही मी शेकडो जणांच्या 'टक्के पाडून' केलेल्या अभ्यासापेक्षा या आठांवर जास्त विश्वास ठेवीन. माझं मत आहे हे, वाद घाला.

अर्थात उंबरठ्याशी जोडलेली हृदयगतीसुद्धा रोज तीच राहत नाही. उन्हात, घाम गाळत, तेवढाच जोर लावून चालवत राहिलं तरी ठोके हळूहळू चढत जातात. मॉन्टेन आणि कॉइल यांनी १९९२ साली सायकलपटूंना गरम खोलीत दोन तास चालवायला लावून वेगवेगळं पाणी दिलं. जितकं पाणी कमी, तितके ठोके जास्त चढलेले. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात सकाळी नऊनंतर सायकल चालवणाऱ्याला हे पेपरशिवाय कळतं. मग तिसऱ्या तासाला घड्याळ 'झोन तीन' म्हणून पिंपिं करायला लागलं तर वेग कमी करायचा की पाणी प्यायचं? घड्याळाला त्यातलं काही कळत नाही. शिवाय छोट्या, जोरकस चढात हृदय मिनिट-दोन मिनिटं उशिरा पोचतं, म्हणजे तीस सेकंदांच्या धडकीला हृदयगतीचे झोन लावणं निरर्थकच. पॉवर मीटर घ्या म्हणतात. घेऊ, थकबाकी मिळाली की.

८०-२० बद्दल एक परिच्छेद, कारण तो आकडाही आता याच वाटेने निघालाय. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांनी दाखवलं की अव्वल सहनशक्तीपटूंचा बराचसा सराव हलका आणि थोडासा खूप जड असतो. चांगलं निरीक्षण आहे. पण ८० टक्के कशाचे? समजा आठवड्यात पाच सत्रं. चार दिवस दीड-दीड तास हलकं. पाचव्या दिवशी सव्वा तास, त्यात आठ-आठ मिनिटांचे चार जड टप्पे. सत्रं मोजली तर ८०-२०. मिनिटं मोजली तर एकूण ४३५ मिनिटांत जड फक्त ३२, म्हणजे सात टक्के. सराव तोच. सायलर यांच्या मांडणीत ८०-२० हा मुख्यतः सत्रांचा हिशेब आहे, घड्याळं मात्र मिनिटं मोजतात. त्यामुळे 'तुमचा जड सराव कमी पडतोय' असा सल्ला ऐकून बिचारी माणसं आठवड्यात तिप्पट जड चालवायला लागतात. टक्केवारी दिसली की छेद विचारा. ही सवय व्हायवाला उभं राहाल तेव्हाही उपयोगी पडेल.

ज्युनियरला मी शेवटी काय सांगितलं ते लिहिते. जमलं तर प्रत्येकाचे उंबरठे श्वासवायू विश्लेषणाने किंवा बोटातून लॅक्टेट घेऊन मोज. विभागात यंत्र नसेल तर शेजारच्या विभागात, ओळख काढून. तेही जमत नसेल तर सपाट रस्त्यावर तीस मिनिटांची एकट्याने पूर्ण जोराची चाचणी, शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी हृदयगती. ही प्रशिक्षक जो फ्रील यांची रीत. माझी सरासरी आली १६०. त्यांच्या तक्त्यात झोन दोन ८१ ते ८९ टक्के, म्हणजे माझा १३० ते १४२. पण हा तक्ताही ठरीव टक्क्यांचाच आहे आणि प्रशिक्षकाच्या अनुभवातून आलेला आहे, प्रयोगातून नाही; तसं स्पष्ट लिही. आणि काहीच जमलं नाही, सूत्रच वापरावं लागलं, तर वापर, पण 'प्रमाणित' हा शब्द काढ, अंदाजाची त्रुटी दे आणि मर्यादांच्या प्रकरणात ती कुठे फिरेल ते सांग. ती म्हणाली, "ताई, मग आरआरसीमध्ये मलाच उलट प्रश्न विचारतील." विचारू देत ना. उत्तर तुझ्याकडे असेल.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. हे वाचून घरातल्या पन्नाशी-साठीच्या माणसांना घाटात 'कमाल गती' काढायला लावू नका. आणि कुणी रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या घेत असेल तर तक्ता त्यांच्या हाती देऊच नका. मी दिला होता. बाबांना, अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाला, माझं जुनं घड्याळ. रोज सकाळी चालायला जायचे. घड्याळ म्हणायचं १६२ कमाल, झोन दोन गाठा. त्यांचे ठोके काही केल्या वर जाईनात. आईचा फोन आला की हे हल्ली धापा टाकत घरी येतात, बोलतही नाहीत. बाबांच्या गोळ्यांमध्ये बीटा ब्लॉकर होतं. ते औषधच हृदयाची गती खाली ठेवतं. ते ज्या आकड्याचा पाठलाग करत होते तो त्यांच्या शरीरात अस्तित्वातच नव्हता. आणि मी तोवर या सूत्राच्या इतिहासावर विभागात सेमिनार देऊन आले होते!

डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. बाबांना विचारलं, "चालताना शेजारच्याशी गप्पा मारता येतात का?" बाबा म्हणाले, "पूर्वी मारायचो." डॉक्टर म्हणाले, "मग पूर्वीसारखं चाला."

ही गप्पांची चाचणी म्हणजे घरगुती शहाणपण नव्हे बरं का. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या कार्ल फॉस्टर आणि त्यांच्या गटाने ती वर्षानुवर्षं तपासलीये. आरामात बोलता येणं जिथे संपतं, ती जागा ढोबळमानाने पहिल्या उंबरठ्याजवळ येते. ढोबळमानानेच. पण ती प्रत्येकाच्या स्वतःच्या उंबरठ्याशी बांधलेली आहे आणि औषध, ऊन, झोप यांच्यासोबत आपोआप सरकते.

मी आता लांबच्या राइडला मैत्रिणीला सोबत घेते. तिचं लग्न ठरतंय, त्यामुळे बोलायला विषय भरपूर आहे. छातीचा पट्टा लावलेला असतो, नोंद होत असते, घरी येऊन बघते. खडकवासल्याच्या पुढे चढ लागला आणि तिची वाक्यं तुटायला लागली की आम्ही गिअर खाली घेतो. डिसेंबरच्या ब्रेव्हेला पुन्हा नाव दिलंय.